कायद्याची पदवी तर मिळेल. पण चळवळीच्या वकिलाला वाट कोण दाखवणार?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमासाठी आम्ही गुहागर तालुक्यातील हेदवीला गेलो होतो. हेदवी म्हटले की मुंबई-पुण्याच्या पर्यटकाला दशभुज गणेशाचे देऊळ आणि भरतीच्या वेळी उसळणारी बामणघळ एवढेच आठवते. बौद्धवाडीचा रस्ता कोणी विचारत नाही. बुद्धवंदना झाली, प्रवचन झाले, खीरदान झाले. आम्ही निघण्याच्या तयारीत असताना एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी पुढे आली. मुंबईला काकांच्या खोलीवर राहून शिकते. सुट्टीला घरी आलेली. "जयभीम सर" म्हणाली आणि सरळ मुद्द्यावर आली. "सर, मला कंपनीत जायचं नाही. आपल्या लोकांच्या केसेस चालवायच्या आहेत. पण ते करून पोट कसं भरायचं, हे कॉलेजात कोणाला विचारायचं तेच कळत नाही."

तिची आई मागेच उभी होती. ती म्हणाली, "वकीलसाहेब, तिला जरा समजवा. सरकारी नोकरीचं बघ म्हणावं. तिकडे दिल्लीत एवढ्या मोठ्या जजसाहेबांवर बूट फेकायला गेले, तिथं आमच्या पोरीला कोण विचारतो?"

त्याच आठवड्यात, ६ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न एका वकिलाने केला होता. बार कौन्सिलने त्याची सनद त्याच दिवशी निलंबित केली. पण सनद निलंबित झाल्याची बातमी हेदवीच्या मोबाईलवर पोहोचली नव्हती, बुटाची पोहोचली होती. लेकीचा प्रश्न भाकरीचा होता आणि आईचा प्रश्न सुरक्षेचा. आम्ही वीस मिनिटे काहीबाही उत्तर दिले. चिपळूणच्या वाटेला लागल्यावर मात्र आमची आम्हालाच लाज वाटली. वीस वर्षांहून अधिक काळ काळा कोट अंगावर आहे, दर जयंतीला बॅरिस्टर बाबासाहेबांवर भाषण ठोकतो, आणि एका विद्यार्थिनीच्या साध्या प्रश्नाला आमच्याकडे तयार उत्तर नाही! तेव्हा जे सुचले नाही ते आता लिहीत आहोत. ती एकटी नाही. सिद्धार्थपासून ते जिल्ह्याजिल्ह्यांतील विधी महाविद्यालयांपर्यंत बसलेल्या आमच्या शेकडो मुलामुलींचा हाच प्रश्न आहे.

आज या मुलांना सल्ला मिळतो तो कोणाकडून? राष्ट्रीय विधी विद्यापीठांत नोकरी मिळवून देणारे वेगळे विभाग असतात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठे आहेत. त्यांची दारे मोठ्या लॉ फर्मना आणि कंपन्यांना उघडी असतात. शुल्क लाखांच्या घरात, आणि ज्याने कर्ज काढून पदवी घेतली त्याने पहिला हप्ता फेडण्यासाठी कंपनीचा रस्ता धरला तर त्याला दोष कसा द्यावा? आमची बहुसंख्य मुले तिथे नाहीतच. ती सकाळच्या वर्गाला बसून दुपारी कुठेतरी नोकरी करणारी आहेत. त्यांच्या महाविद्यालयात सल्ला देणारा विभाग नसतो. शिकवणारे सर स्वतःच तासिका तत्त्वावर असतात. ते बिचारे दुसऱ्याला काय वाट दाखवणार!

आणि चळवळ काय सांगते? आम्ही चळवळीतले लोक कायद्याच्या विद्यार्थ्याला तीनच गोष्टी सांगतो. न्यायाधीश हो. एमपीएससी दे. नाहीतर निवडणुकीला उभा राहा. तालुक्याच्या कोर्टात उभा राहून आपल्या माणसाचा जामीन करणारा, त्याचा सातबारा दुरुस्त करणारा वकील हो, असे कोणी सांगत नाही. सांगणाऱ्याला माहीत असते की त्या वाटेवर पहिली पाच वर्षे उपाशी मारतात. आमचेच उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी ज्या वरिष्ठांच्या हाताखाली होतो त्यांनी एसटीच्या भाड्यापुरते पैसे दिले, तेही महिन्यातून दोनदा. आमच्याबरोबर सनद घेतलेल्या चार बौद्ध मुलांपैकी दोघे वर्षभरात विमा एजंट झाले. ती हुशार मुले होती. त्यांची वकिली समाजाने गमावली आणि कोणाला कळलेही नाही.

येथे बोधिसत्त्व बाबासाहेबांचे चरित्र नव्याने वाचण्याची गरज आहे. केवळ गौरवासाठी नव्हे, तर हिशेबासाठी. बाबासाहेब १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि जुलै १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसेसुद्धा जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला काम देईनात. मग त्यांनी काय केले? मोफसलचे, अपिलाचे मिळेल ते काम घेतले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य. म्हणजे चळवळीच्या केसेसवर बाबासाहेबांचे घर चालत नव्हते. घर चालवण्याची वेगळी व्यवस्था लावून ते चळवळीच्या केसेस चालवत होते. 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू त्यांनी १९२६ मध्ये पुण्यात मांडली ती याच काळात. आमच्या मुलांना हे कोणी सांगत नाही. त्यांना वाटते की समाजाची वकिली म्हणजे संन्यास. संन्यास घेतलेला वकील दोन वर्षांत दमतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

महाडचेच पाहा. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ ला प्राशन केले. तो दिवस आम्ही दरवर्षी साजरा करतो. पण त्यानंतर १२ डिसेंबर १९२७ ला सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला आणि डिसेंबरातला सत्याग्रह बाबासाहेबांना स्थगित करावा लागला. पुढे तो मनाईहुकूम उठला, १९३१ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळले, आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. दहा वर्षे! या दहा वर्षांत जबान्या झाल्या, जुने दप्तर काढले गेले, तळे नगरपालिकेचे की सवर्णांच्या वहिवाटीचे यावर कागदोपत्री लढाई झाली. महाडचा क्रांतिस्तंभ सर्वांना माहीत आहे. त्या दाव्याची कैफियत किती कार्यकर्त्यांनी वाचली आहे?

हेदवीसारख्या गावात चळवळीच्या वकिलाला काम तरी काय, असे कोणी विचारील. म्हणून तिथले काम सांगतो. हा खोतांचा मुलूख. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात मांडले, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला, आणि खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ मालक झाले असे पुस्तकात लिहिले आहे. प्रत्यक्षात कोकणात आजही असे सातबारे सापडतात की आजोबा-पणजोबांनी कसलेल्या जमिनीवर त्यांचे नाव 'इतर हक्कात' पडून आहे, ३२-ग ची किंमत कधी ठरलीच नाही, आणि मालकाच्या सदरात खोताच्या वारसांची नावे. कित्येकांच्या घराखालची जमीन स्वतःच्या नावावर नाही. कुळकायद्याची कलमे १६ आणि १७ राहत्या घराला संरक्षण देतात. पण कलम वाचून दाखवणारा कोणीतरी हवा ना! पूर्वी ही वरकस जमीन कोणी फुकट घेत नव्हते. आता समुद्र दिसतो म्हणून तिला भाव आला आहे. रिसॉर्टवाला येतो, मुंबईत बसलेल्या वारसाची सही घेतो आणि वाडीतल्या माणसाला एक दिवस कुंपण दिसते. महार वतनाच्या जमिनींचे तेच. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, जमिनी वतनदारांना परत देताना हस्तांतरणावर शासनाच्या परवानगीची अट आली. तरीही व्यवहार होत राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला तेव्हा कित्येकांना 'वतन म्हणजे काय' इथपासून सुरुवात करावी लागली. मुंढव्याची जमीन महाग म्हणून बातमी झाली. खेड्यातल्या दहा गुंठ्यांची बातमी होत नाही.

याच तालुक्याने एन्रॉन पाहिला आहे. दाभोळ वीज प्रकल्पाविरुद्धची जनहित याचिका उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फेटाळली, त्याची वर्तमानपत्रांत भरपूर चर्चा झाली. पण जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी बायांना पोलिसांनी घरात घुसून मारले, गावोगाव अटका झाल्या, तेव्हा गरज होती ती अटकेतल्या माणसाला हजर केल्यावर न्यायालयात उभा राहणाऱ्या वकिलाची. ॲम्नेस्टी आणि ह्युमन राइट्स वॉच या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या दडपशाहीची नोंद आपल्या अहवालांत घेतली. अहवाल न्यूयॉर्कला लिहिला जाऊ शकतो. जामीनअर्ज मात्र इथेच लिहावा लागतो. 'जनहित' म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे दिल्लीचे मोठे वकील आणि दूरदर्शनवरचे कॅमेरे येतात. तो भ्रम आधी काढून टाकावा. लोकांच्या हिताची नव्वद टक्के वकिली तहसीलदारापुढे, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि विशेष न्यायालयात होते. (नव्वद हा आकडा आमच्या अनुभवाचा; कोणी मोजलेला नाही.)

ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत तर वकिलाअभावी काय होते ते सांगायला नको. खर्ड्याच्या नितीन आगेचा २८ एप्रिल २०१४ ला भरदिवसा खून झाला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मोर्चे निघाले होते, नेते येऊन गेले होते. पण फिर्यादीच्या कुटुंबाशेजारी पहिल्या दिवसापासून शेवटच्या तारखेपर्यंत बसणारा, साक्षीदारांच्या घरी जाऊन त्यांना धीर देणारा, प्रत्येक तारखेची नोंद ठेवणारा वकील अशा किती खटल्यांत असतो? २०१५ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १५-अ आले आहे. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला ऐकून घ्यावे लागते, पीडिताला वकिलाचे आणि सामाजिक कार्यकर्त्याचे साहाय्य घेण्याचा हक्क आहे. १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) प्रमाणे पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी ज्येष्ठ वकील नेमू शकतात आणि त्याची फी शासन देते. हा अर्ज करावा लागतो हेच पीडितांना माहीत नसते. आणि अर्ज केला तर नेमायला विश्वासाचा वकील सापडत नाही! विशेष सरकारी वकील होण्यासाठी सात वर्षांची वकिली लागते. सात वर्षे टिकलेला आमचा वकील आणायचा कुठून, जर दुसऱ्याच वर्षी तो विमा विकायला गेला असेल?

आता त्या मुलीला काय करता येईल ते क्रमाने नाही पण आठवेल तसे सांगतो.

शिकत असतानाच सुरुवात करावी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. बहुतेक मुले ओळखीच्या वकिलाचा शिक्का मारून आणतात. ही स्वतःची फसवणूक आहे. त्यातले चार आठवडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात काढावेत, चार आठवडे फौजदारी काम करणाऱ्या तालुक्याच्या वकिलाकडे, आणि उरलेले एखाद्या संस्थेत. मुंबईत महिलांसाठी 'मजलिस' आहे, तुरुंगातील कैद्यांसाठी टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' आहे, ह्युमन राइट्स लॉ नेटवर्क आहे. पत्र लिहावे, स्वतः जाऊन भेटावे. ओळख लागते हा समज चुकीचा आहे. शिवाय कायद्याच्या विद्यार्थ्याला सनद घेईपर्यंत विधी सेवा प्राधिकरणाचा विधी स्वयंसेवक होता येते. मानधन थोडके, पण पोलीस ठाण्याची आणि तहसील कचेरीची पायरी चढण्याची भीती जाते. ती भीती जाणे हीच अर्धी वकिली.

कोकणात काम करायचे तर दोन गोष्टी जादा शिकाव्यात. एक, महसूल दप्तर: सातबारा, फेरफार, आकारफोड, कजाप. दुसरी, मोडी लिपी. जुने खोतीचे कागद मोडीत आहेत आणि मोडी वाचणारी माणसे आता बोटावर मोजण्याइतकी. ज्या वकिलाला मोडी येते त्याच्याकडे पक्षकार चालत येतात. त्यातून घरही चालते. आणि मराठीत स्वच्छ अर्ज लिहिता आला पाहिजे. इंग्रजी येत नाही म्हणून आमची मुले खचतात, पण तालुका-जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे. इंग्रजी उच्च न्यायालयासाठी शिकावीच. रोज एक निकालपत्र वाचले तरी दोन वर्षांत येते.

सनदेचे पैसे. पूर्वी राज्याच्या बार कौन्सिलांना हजारो रुपये मोजावे लागत. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार प्रकरणात सांगितले की वकील कायद्यात लिहिले आहे त्यापेक्षा एक रुपयाही जादा घेता येणार नाही. खुल्या वर्गासाठी साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एकशे पंचवीस रुपये. जातीचा दाखला जोडावा आणि जादा पैसे कोणी मागितले तर पावती मागावी. पावतीचे नाव काढले की पुष्कळ मागण्या आपोआप कमी होतात. अखिल भारतीय बार परीक्षेचे शुल्क वेगळे, ते आधीच बाजूला काढून ठेवावे.

पहिली तीन वर्षे पोट कसे भरायचे? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढले की ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये दरमहा द्यावेत. परिपत्रक शिफारशीचे आहे, सक्तीचे नाही. तालुक्याच्या कोर्टात ते दाखवले तर लोक हसतील. तरी वरिष्ठ निवडताना हा प्रश्न तोंडावर विचारायला लाजू नये. दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरणाच्या 'लीगल एड डिफेन्स कौन्सिल' योजनेचा. २०२२ पासून ही योजना जिल्ह्याजिल्ह्यांत येत गेली. सहाय्यक वकिलाला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो, काम पूर्णवेळ आणि मानधन ठरलेले. गरीब आरोपींचा बचाव करायचा असतो. आमच्यातले काही म्हणतील, आरोपींचा बचाव हे काय चळवळीचे काम? त्यांनी तुरुंगात कोण आहे ते पाहावे. कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आहे, हे सरकारच्याच आकडेवारीत दिसते. मात्र एक अडचण आम्ही लपवणार नाही. या योजनेत ॲट्रॉसिटीच्या आरोपीचाही बचाव वाट्याला येऊ शकतो. त्या प्रसंगी काय करायचे, हे योजनेत शिरण्यापूर्वी ठरवावे. आमचे मत, दोन-तीन वर्षे उलटतपास शिकण्यासाठी ही उत्तम शाळा आहे. जन्मभर तिथे राहू नये.

तिसरा मार्ग बाबासाहेबांचाच. वकिली करत असताना दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा नियमांत आहे. विधी महाविद्यालयात तास घ्यावेत. संस्थेत काम करायचे असेल तर एक धोका लक्षात ठेवावा: पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, सनद स्थगित करावी लागते. म्हणून नेमणुकीच्या पत्रात 'पगार' आहे की 'मानधन' आहे हे नीट वाचावे. पुढे नोटरीसाठी खुल्या वर्गाला दहा वर्षांची वकिली लागते, आपल्याला सात. नोटरीचा शिक्का हा चळवळीच्या वकिलाचा भाजीपाल्याचा खर्च आहे असे आमचे एक मित्र म्हणतात.

न्यायाधीश व्हायचे असेल तर जरूर व्हावे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. क्लासवाल्यांनी बराच आरडाओरडा केला, आणि गरीब मुलांना तीन वर्षे बिनपगारी काढणे जड जाईल हा त्यातला मुद्दा खराच आहे. पण तीन वर्षे तालुक्यात घालवायचीच आहेत तर ती कोणासाठी घालवायची, एवढे तरी आपल्या हातात आहे.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली पाहिजे. ॲट्रॉसिटीच्या पीडिताला शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यातून वाटा ठरवून घेणारे वकील आहेत, आणि त्यात आपलेही आहेत. निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांनी निषिद्ध आहे. फी घ्यावी, उघड घ्यावी, लिहून घ्यावी. गरिबाची फी कमी घ्यावी. पण ज्याच्या घरात खून झाला त्याच्या मदतीच्या धनादेशावर डोळा ठेवणाऱ्याने निळा झेंडा खांद्यावर घेऊ नये.

आता समाजाकडे वळतो, कारण सगळा भार त्या पोरीवर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. अमेरिकेत काळ्यांना गोऱ्यांच्या अनेक विधी विद्यापीठांत प्रवेश नव्हता तेव्हा चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या वकिलाने १९२९ पासून हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची सूत्रे हातात घेतली आणि नागरी हक्कांचे वकील घडवण्याचाच कार्यक्रम आखला. त्याचा विद्यार्थी थर्गुड मार्शल १९३३ मध्ये बाहेर पडला, गावोगाव फिरून खटले लढला, १९४० मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभारला गेला, आणि १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल मिळाला. मार्शल सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला तो १९६७ मध्ये. आधी निधी, आधी गावोगावची वकिली, न्यायासन शेवटी. आमच्याकडे पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ पासून आहे. हॉवर्ड होण्याची ताकद तिथे होती, आजही असावी. त्या सोसायटीच्या वादांबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही, म्हणून सोडून देतो.

निधीचा हिशेब अवघड नाही. ग्रामीण ज्युनिअरला बार कौन्सिलने सुचवलेले पंधरा हजार महिना म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. तालुक्यातली तीनशे बौद्ध कुटुंबे महिन्याला पन्नास रुपये देतील तर पंधरा हजार होतात. कोकणातल्या वाड्यांची मुंबईत मंडळे आहेत, बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा आहेत, वर्गणी गोळा करण्याची शिस्त आम्हाला शंभर वर्षांची आहे. विहार बांधले ते याच वर्गणीतून. मग एका तालुक्याला एक ज्युनिअर तीन वर्षांसाठी का पोसता येऊ नये? एका जयंतीच्या डीजेचे बिल ज्यांनी भरले आहे त्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे आणावा. बदल्यात त्या वकिलाने महिन्यातून एक रविवार विहारात बसावे आणि कागद तपासावेत. सरकारकडेही मागणी केली पाहिजे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा पाच हजार देणारी योजना सुरू केली होती. महाराष्ट्रात बार्टी स्पर्धा परीक्षांना प्रशिक्षण देते, तशी नवोदित वकिलांसाठी शिष्यवृत्ती का देऊ नये? हा प्रश्न विधिमंडळात आमच्या कोणत्या आमदाराने विचारला?

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी त्याला जोडली गेली. अंतर कमी झाले हे खरे. पण कोकणी माणसाची खोली मुंबईत असते, कोल्हापुरात कोणाची आहे? तारखेला गेलेला पक्षकार रात्री झोपणार कुठे, याचाही विचार मंडळांनी करावा.

राहिला आईचा प्रश्न. तिला खोटा दिलासा आम्ही देणार नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि खटला उभा न राहता त्यांची वर्षामागून वर्षे तुरुंगात गेली. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली, त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. तिच्या लेकीसारखाच. त्याच्या आईची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी स्वतः औरंगाबाद खंडपीठात मांडली, ४ जुलै २०२५ ला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ती माउली सरकारी मदत नाकारून न्यायालयात उभी राहिली. तिच्या बाजूला वकील उभा होता म्हणून कागद हलला. सरन्यायाधीशपदी गवई साहेब बसले याचा आम्हाला अभिमान आहे, उपवर्गीकरणाच्या निकालातील त्यांच्या मतांशी आमचा मतभेद असूनही. १२ ऑक्टोबर २०२५ ला त्यांनी मंडणगडला, बाबासाहेबांच्या आंबडव्याच्या तालुक्यात, न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन केले. इमारत देखणी आहे. तिच्यात आमचे वकील किती, हे आम्ही मंडणगडच्या मित्राला विचारले. त्याने एका हाताची बोटे वर केली आणि त्यातलीही दोन मिटली.

हेदवीच्या त्या मुलीचा डिसेंबरात फोन आला. विधी स्वयंसेवकाचा अर्ज भरला होता. आईला म्हणे अजून पटलेले नाही, पण वाडीच्या घरांखालच्या जमिनीचे सातबारे काढायला आईच बरोबर गुहागरला आली. बारा घरांपैकी नऊ घरांच्या उताऱ्यावर इतर हक्कात कुळाचे नाव आहे, तीन घरांवर काहीच नाही. एका जुन्या कागदावर मोडीत काहीतरी लिहिले आहे, ते कोण वाचून देईल, असे ती विचारत होती. आम्ही तिला कागदाचा फोटो पाठवायला सांगितला आहे.